तेविसावी फेरी

फोन खाली ठेव, ईशान. चालून दाखवायला माझी ना नाही. सत्तरी उलटली तरी हेब्बाळच्या तळ्याला रोज सकाळी अर्धा वळसा घालतो, तोही काठीशिवाय. पण कॅमेऱ्यासमोर मी चालणार नाही. "काका, तुमची चाल भारी आहे, आमच्या फिल्ममधल्या म्हाताऱ्याला रेफरन्स म्हणून हवी आहे." असलंच मागणं आधी एका म्हाताऱ्याकडे झालेलं मला ठाऊक आहे. शब्द थोडे वेगळे होते, एवढंच.

हसू नकोस गं ईरा. तुम्हा दोघांना तीन दिवसांत फिल्म द्यायची आहे, ठाऊक आहे मला. संध्याकाळपासून दहा वेळा सांगून झालंय. लाईट यायला तासभर तरी लागेल, तोवर तुमचे कॉम्प्युटर काही चालत नाहीत. तेव्हा बसा गपचूप आणि ऐका. ऐकून झाल्यावरही मी कॅमेऱ्यासमोर चालावं असं वाटलं, तर या गच्चीला दहा फेऱ्या मारीन.

जितेंद्र तुम्ही पाहिला नाहीत. तुमच्या आधी माझ्या वरच्या मजल्यावर चार वर्षं भाड्यानं राहायचा. पुण्याचा. वय अडतीस, एकटा, हुशार, पण तोंड असं तिखट की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आणील. तो आणि त्याची पाच माणसं मिळून ॲनिमेशनची कामं करायची. जाहिराती, शाळांचे धडे, असलं काहीबाही. त्याला तो दुसऱ्याची हमाली म्हणायचा. स्वतःची फिल्म करायची, हे त्याचं आठ वर्षांपासूनचं वेड. सात मिनिटांची. एक म्हातारा पाठीवर लाकडी कपाट बांधून रात्रभर चालतो, ते ठेवायला घर शोधतो, आणि शेवटी कोसळतो. बस्स. एक शब्द बोलायचा नाही. सगळी फिल्म त्या म्हाताऱ्याच्या चालण्यावर उभी.

स्टुडिओ पीण्या औद्योगिक वसाहतीत होता. तुम्ही म्हणाल, पीण्यात सगळे कारखाने, तिथे ॲनिमेशन कसलं? मलाही तेच वाटलं होतं. पण बंद पडलेली एक लेथची शेड त्यानं घेतली होती, कारण तिथे कारखान्याची वीज होती, मनगटाएवढ्या केबलची. फिल्मचं एकेक चित्र कॉम्प्युटर शिजवून काढतो, त्याला रेंडर म्हणतात. एका सेकंदाला चोवीस चित्रं. तुम्हाला मी काय सांगायचं! पण मी सरकारी विमान कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, यंत्राचं सांगितलं की मला कळतं. सात मिनिटांची दहा हजार चित्रं. पंधरा यंत्रं रात्रंदिवस तापत ठेवायची. घरच्या विजेवर ते व्हायचं नाही.

त्या शेडचा पहारेकरी देवाप्पा. सहासष्ट वर्षांचा. नाव कन्नड वाटतं, पण घरी मराठी. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठ्यांपैकी. आपण काल आलेले, ती मंडळी इथलीच. बोलताना निम्मं मराठी, निम्मं कन्नड. पूर्वी त्याच शेडमध्ये लेथवर होता. उजव्या पायावर ओतीव लोखंड पडलं, पाऊल वाकडं झालं. लेथ सुटला, मालकानं गेटवर बसवलं. चालताना डावा पाय धप्पकन टाकायचा आणि उजवा घासत ओढायचा. धप्प... खर्र. धप्प... खर्र. मी दोनदा गेलो होतो तिकडे. अंधारातसुद्धा कळायचं, देवाप्पा येतोय.

तर आठ फेब्रुवारी २०२४. गुरुवार. अवसेची आदली रात्र. फिल्म पाठवायची मुदत एकोणीस तारखेच्या सोमवारी सकाळी नऊपर्यंत. परदेशातला कुठलासा महोत्सव. त्या वेळेला एक मिनिट उशीर झाला तर आठ वर्षं पाण्यात. अकरा दिवस उरले होते आणि पडद्यावरचा म्हातारा काही केल्या म्हाताऱ्यासारखा चालत नव्हता. ते काम रम्याकडे होतं. सव्वीस वर्षांची मुलगी, इथल्याच जुन्या मराठी घरातली, हातात कला होती. पण चालणं जमेना. जितेंद्र तिच्यावर खेकसायचा, "हा म्हातारा आहे की रोबो?"

रात्री सव्वानऊला देवाप्पा मागच्या दाराची किल्ली मागायला आत आला. धप्प, खर्र. जितेंद्रनं मान वर केली.

"देवाप्पाअण्णा, जरा चालून दाखवता?"

"चालू? कशाला सामी?"

"सिनेमात घेतो तुम्हाला."

म्हातारा लाजला. डोक्याचा मफलर सोडून पुन्हा नीट बांधला. "सरी," म्हणाला. म्हणजे बरं.

रिकाम्या पाठीनं चालणं जितेंद्रला नको होतं. ओझ्याखाली माणूस कसा वाकतो, ते हवं होतं. कोपऱ्यात एक लाकडी खोकं होतं, त्यात लोखंडाचे तुकडे भरले. तीस किलो तरी असेल. दोरानं पाठीवर बांधलं. शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एक फेरी. दोन. पाच. दहा. कधी उजेड चुकायचा, कधी कॅमेरा हलायचा, कधी जितेंद्रला उगाचच वाटायचं, अजून एक हवी.

चौदाव्या फेरीला देवाप्पा भिंतीला टेकला. "स्वल्प बसतो सामी."

"एकच अण्णा. लास्ट."

सतराव्याला म्हणाला, "साकु सामी. छाती भरून आली." साकु म्हणजे पुरे. जितेंद्रला इथे दहा वर्षं झाली होती, एवढं कन्नड त्याला नक्की कळत होतं. रम्या उठली. "सर, त्यांना बसू द्या ना."

"तू खुर्ची सोडू नकोस. तुला जमलं असतं तर यांना चालावं लागलं नसतं. अण्णा, एकच."

तेविसाव्या फेरीत, शेडच्या मधोमध, देवाप्पाचा डावा गुडघा दुमडला. एक हात छातीवर गेला. त्यानं मान वळवून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि खोक्यासकट खाली बसला.

जितेंद्रनं टाळ्या वाजवल्या रे! "हेच! हेच पाहिजे होतं!"

रम्यानं धावत जाऊन दोर सोडला. देवाप्पाचे ओठ पांढरे पडले होते. "आज सोडा सामी. घरी जातो." घर तरी कुठे? मागच्या गल्लीत, दहा मिनिटांवर.

"सकाळी जा अण्णा. गेटवर कोण बसणार? आत एवढी मशिन्स आहेत."

पहाटे पाचला दूधवाल्यानं पाहिलं. गेटपाशी, खुर्चीत. डोळे उघडे, तोंड घराच्या दिशेला.

डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. जितेंद्रनं देवाप्पाच्या बायकोला, सोयराबाईला, सांगितलं, झोपेतच गेले हो, काही त्रास झाला नाही. खोक्याचं नाव काढलं नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्य मेला तरी गरज सरली नव्हती. त्याच दुपारी त्यानं रम्यासमोर ते व्हिडिओ लावले.

"हेच वापरायचं. शेवटचं पडणंसुद्धा."

"सर, निदान दहा दिवस होऊ द्या."

"दहा दिवसांनी मुदत संपते."

"मेलेल्या माणसाची चाल आहे ती, सर."

"चालत होता तेव्हा मेला नव्हता ना? मग झालं."

असं बोलला तो. मला त्यानं स्वतः सांगितलं, इथे या कठड्याला टेकून, आणि वर हसला. मी तेव्हाच त्याची कानउघाडणी करायला हवी होती. भाडेकरू शहाणा, वेळेवर भाडं देणारा, कशाला वाकड्यात शिरा, असा विचार केला. त्याची मला आजही लाज वाटते.

रम्यानं काम केलं. नोकरीही होती, आणि खरं सांगायचं तर मोहही होता. इतकं जिवंत चालणं पुन्हा कुठे मिळणार? व्हिडिओ एकेक चित्र थांबवत तिनं म्हाताऱ्याचा एकेक सांधा तसाच वळवला. पण सात मिनिटं चालवायला वेळ कुणाकडे होता? मग तिनं तुम्ही करता तेच केलं. दोनच पावलं करायची, एक डावं, एक उजवं, आणि तीच पुन्हा पुन्हा जोडत जायची. माणूस जागच्या जागी पाय उचलतो, खालून रस्ता सरकतो. बघणाऱ्याला वाटतं, चाललाय. तो मात्र कुठेच जात नाही.

बुधवारी सकाळी रम्याला पहिल्यांदा खटकलं. म्हाताऱ्याची मान तिनं सरळ रस्त्याकडे ठेवली होती. ती बोटभर वळली होती. कॅमेऱ्याकडे. तिनं सरळ केली. गुरुवारी चार बोटं वळलेली. जितेंद्र सगळ्यांवर ओरडला, "रात्री कोण हात लावतंय फाईलला?" कोणीच लावला नव्हता. फाईल कुणी कधी उघडली ते कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं ना? रात्री ती उघडलीच गेली नव्हती.

आणि शुक्रवारी, सोळा तारखेला, माझ्याकडे.

जितेंद्र तीन रात्री घरी आला नव्हता, शेडमध्येच झोपायचा. वरच्या मजल्याला कुलूप. अडीचला मला जाग आली. माझ्या पलंगाच्या बरोब्बर वर, छतावर... धप्प. मग खर्र. धप्प... खर्र. माणूस खोलीत चालला की आवाज इकडून तिकडे जातो. हा जात नव्हता. एकाच जागी. माझ्या कपाळाच्या वर. पावणेचारपर्यंत मी तसाच पडून होतो. तुमची काकू गाढ झोपलेली. तिला मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

रविवारी सकाळी रम्या सोयराबाईकडे गेली. दहावा होता. मन खात होतं तिचं. तुमच्या घरी करतात की नाही ठाऊक नाही, पण पुष्कळ घरांत ही रीत आहे. गेलेल्या माणसासाठी दिवा लावतात, जवळ ताटात पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, पिठात कसलं पाऊल उमटलंय. चिमणीचं, गाईचं, जे काय असेल ते. गेलेला कुठे पोचला ते त्यावरून कळतं म्हणतात.

रम्यासमोरच टोपली उचलली.

चिमणी नाही. गाय नाही. ताटाच्या मधोमध एकच जागा. पावलावर पाऊल, पावलावर पाऊल, पावलावर पाऊल पडलेलं. इतकं, की पीठ उडून खालचं पितळ दिसत होतं. आणि बाकीचं पीठ जसंच्या तसं. पुढे एक पाऊल गेलेलं नाही.

सोयराबाई ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चालतोय माझा धनी. दहा दिवस झाले, चालतोयच. मग दाराला का येत न्हाई? कोण धरून ठेवलंय त्याला?" मान वर करून तिनं रम्याकडे पाहिलं. "तू का रडती गं पोरी?"

रम्यानं सगळं सांगितलं. खोकं, तेवीस फेऱ्या, घरी जातो म्हणाला ते, जाऊ दिलं नाही ते. आणि ती दोन पावलं.

त्याच रात्री साडेनऊला म्हातारी शेडच्या गेटवर उभी. बरोबर रम्या. जितेंद्रनं गेट उघडलं नाही, गजांतूनच बोलला. बाकीची पोरं त्यानं घरी पाठवली होती. काम सगळं संपलं होतं, यंत्रांनी शेवटची दीड मिनिटाची चित्रं काढायची तेवढी बाकी होती.

"त्याला सोड," सोयराबाई म्हणाली.

"कुणाला सोडू बाई? इथे मी एकटा आहे."

"उद्या अकरावा. आज रातीत घर गाठला न्हाई, तर परत कधी गाठायचा न्हाई."

"सकाळी नऊला माझी फिल्म जाते. मग सगळं पुसून टाकतो. शप्पथ. एकच रात्र."

"त्यालाबी तू एकच, एकच म्हणालास."

रम्या मध्ये पडली. "सर, शेवट बदलू. त्याला एका दारापर्यंत चालत नेते, आत सोडते. चार तासांत करते."

"आणि रेंडर कोण करणार, तुझा बाप? आठ तास लागतात! उद्यापासून येऊ नकोस तू."

त्यानं आतून कुलूप घातलं. सोयराबाई शिव्याशाप देईल असं रम्याला वाटलं होतं. म्हातारीनं गजांना हातही लावला नाही. फक्त म्हणाली, "बस मग तूच पहाऱ्याला." आणि वळून गेली.

पुढचं जितेंद्र दवाखान्यात पहिल्या दिवशी तुकड्या-तुकड्यांनी बोलला. तेवढंच मला ठाऊक. त्यानंतर तो तसलं काही बोलला नाही.

मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटं. शेडमध्ये नुसती पंख्यांची घरघर. पडद्यावर एकेक चित्र तयार होऊन येत होतं. शेवटचा प्रसंग. म्हातारा चालतोय. पाठीवर कपाट.

म्हाताऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. पूर्ण.

जितेंद्रनं फाईल उघडून पाहिली. फाईलमध्ये मान सरळ. चित्रात वळलेली. त्याला भीती नाही वाटली, राग आला. वेळ नव्हता. म्हणाला, असू दे, बघणाऱ्याला आवडेल.

पुढचं चित्र. पाठीवर कपाट नाही. दोर आहे... मोकळा लोंबतोय.

पुढचं. म्हातारा ताठ उभा.

मग जितेंद्रच्या लक्षात आलं. रस्ता सरकत नव्हता. इतके दिवस रस्ता सरकत होता आणि म्हातारा जागीच होता. आता रस्ता थांबला होता. म्हातारा चालत होता. समोर. जवळ.

एकेका चित्रात मोठा होत होता. कंबरेपर्यंत. छातीपर्यंत. नुसता चेहरा...

मग रिकामा रस्ता.

पडद्यावर कोणी नाही.

आणि मागे, शेडमध्ये...

धप्प.

...

खर्र.

जितेंद्रनं मान वळवली नाही. वळवताच आली नाही म्हणाला. खांद्यावर काहीतरी आलं. हात नव्हता. ओझं होतं. एकदम नाही. हळूहळू. कोणीतरी सावकाश, नीट, गाठ मारून बांधावं तसं.

आणि कानाशी...

"एकच."

पाच वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. जितेंद्रचं नाव. मी हॅलो म्हणालो. नुसता श्वास. मी पुन्हा हॅलो म्हणालो. धप्प... खर्र. धप्प... खर्र. फोनच्या अगदी जवळ. आणि मध्येच जितेंद्रचा आवाज. चार वर्षांत ज्याच्या तोंडून कन्नडचा एक शब्द मी ऐकला नव्हता, तो म्हणत होता, "साकु... साकु... साकु..."

मी गाडी काढली. पहाटेचे रस्ते मोकळे होते. शेडला आतून कुलूप. शेजारच्या फाउंड्रीत रात्रपाळी चालू होती, तिथल्या एकाला बोलावलं. त्यानं पहारेनं कुलूप तोडलं. तो गेटच्या आत यायला तयार होईना. मी एकटाच गेलो.

ऐका आता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

शेडच्या मधोमध जितेंद्र चालत होता. जागच्या जागी. पाठ अशी वाकलेली की कपाळ गुडघ्याला लागेल. दोन्ही हात खांद्यांशी, मुठी आवळलेल्या, दोर धरल्यासारख्या. एका मुठीत फोन. पाठीवर काही नाही. डावा पाय धप्प. उजवा वाकडा, घासत. बुटाचा तळ फाटलेला. त्या एवढ्याशा जागेत रक्ताचा चिखल.

किती तास चालत होता, कोण जाणे.

मी हाक मारली. त्याला ऐकू गेली नाही. दंड धरून ओढलं. खांब ओढावा तसं. हललाच नाही. डोळे पडद्याकडे. पडद्यावर रस्ता पुन्हा सरकत होता. त्याच्यावर कोणी नव्हतं. त्याच्या पावलाबरोबर रस्ता सरकायचा. धप्प... सरकायचा. खर्र... सरकायचा.

भिंतीवर शेडचा मेन स्विच होता. लाल दांड्याचा, जुना. पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला एकच शहाणपण असतं. माणूस यंत्रात अडकला की आधी वीज तोडायची. मी दांडा ओढला. घड्याळ बघायची सवय, बघितलं. पाच पन्नास.

अंधार.

पंखे थांबले. जितेंद्र पडल्याचा आवाज आला.

आणि माझ्या शेजारून, हातभर अंतरावरून, कोणीतरी दाराकडे गेलं. धप्प... खर्र. धप्प... खर्र. घाई नाही, काही नाही. ड्यूटी संपवून माणूस जातो तसं. गेटपर्यंत ऐकू आलं. मग गल्लीत. मग नाही.

त्या वेळी सोयराबाई दार उघडं टाकून उंबऱ्यात बसली होती, रम्या तिच्याजवळ. सहा वाजायच्या सुमाराला म्हातारी उठली, "आला," म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. बस्स. रम्याला काही दिसलं नाही.

फिल्म गेली नाही. नऊ वाजले तेव्हा जितेंद्र दवाखान्यात होता. सगळे म्हणाले, काका, तुम्ही होतात म्हणून वाचला. मीही तसंच समजत होतो. पायांच्या जखमा महिन्यात भरल्या. हाडं ठीक, नसा ठीक, डोक्याचा फोटो काढला तोही ठीक. त्याची आई येऊन पुण्याला घेऊन गेली. दर रविवारी तिचा फोन येतो. जेवतो, म्हणते. झोपतो. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर बसतो, आईच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "मला घरी सोडा हो." ती म्हणते, अरे घरीच आहेस. तो म्हणतो, "सकाळ झाली का? मला घरी सोडा." दिवसातून पन्नास वेळा. त्या माउलीला काय सांगू मी?

काय म्हणालीस ईरा? भ्रम? डॉक्टरही तेच म्हणतात. मलाही तेच म्हणायला आवडलं असतं.

एप्रिलमध्ये मालकानं शेड रिकामी करायला घेतली. जितेंद्रचं सामान बघायला मला बोलावलं. गेटजवळच्या टेबलाच्या खणात पहारेकऱ्याचं रजिस्टर होतं. सगळ्या कारखान्यांत असतं तसं. तारीख, नाव, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. देवाप्पाचं कन्नड अक्षर, मोठं, गोल, एका रेषेत. दहा वर्षांची पानं. कन्नड मी वाचतो.

शेवटचं पान काढलं. आठ फेब्रुवारी. देवाप्पा. आत, संध्याकाळी सात. त्याच्यापुढचा बाहेरचा रकाना कोरा असायला हवा होता, कारण माणूस गेटवरच मेला. कोरा नव्हता. लिहिलं होतं, एकोणीस फेब्रुवारी, पहाटे पाच पन्नास. तेच अक्षर. तीच शाई.

त्याच्या खाली आणखी एक ओळ. त्याच अक्षरात. जितेंद्र. आत, पाच पन्नास.

दांडा मी ओढला होता...

ते रजिस्टर मी मालकाकडून मागून आणलं. खाली माझ्या टेबलाच्या खणात आहे. रोज दिवेलागणीला उघडून बघतो. आज तुम्ही गच्चीवर यायच्या जरा आधीच पाहिलं. जितेंद्रच्या नावापुढचा बाहेरचा रकाना अजून कोराच आहे.